भावजींची हनुवटी

माझ्या धाकट्या दिरांइतका वैताग देणारा आजारी माणूस सातारा-सांगली दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगते. फौजेतून सुभेदार होऊन पलूसला परतले, पण चालायचे कसे, तर मान पुढं आणि हनुवटी आभाळाकडं. आष्ट्याच्या एका लग्नात नवरीचे मामा रुसून बसले, का तर म्हणे हे नाक वर करून बघतात. आणि घोरणं असं, की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची.

शेवटी सांगलीच्या डॉक्टरांनी उलगडा केला. खालचा जबडा मागं, त्यामुळं जिभेमागची वाट अरुंद. श्वास मिळावा म्हणून मान आपोआप तशी निघते. झोपेत मात्र वाट मिटते. जबडा कापून पुढं आणायचा म्हटल्यावर भावजी भडकले. "घोरतोय म्हंजी जिवंत हाय की. घोरण्यानं कोण मेलंय, वहिनी?" धाकटी जाऊ कधी नव्हे ती मध्ये बोलली, "घोरायचं थांबता, तवाच मी उठून बसते. परत सुरू हुईस्तवर जीव थाऱ्यावर नसतो माझा." भावजी उठले आणि दवाखान्याची पिशवी भरायला लागले.

ऑपरेशन झालं आणि पुढचे आठवडे आम्ही भोगले. दात रबरांनी आवळलेले, तरी हुकूम चालूच. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे रस्सा, तोही गाळून. कुठल्या गाळण्यानं? चहाच्या. महिनाभर आमच्या चहाला मटणाचा वास. पाहुण्यांनी कप तसेच ठेवले, तर हे खाटेवरून हातवाऱ्यांनी मलाच दटावायचे.

हळूहळू मान मात्र सरळ झाली. पुढच्या लग्नात फेटा हनुवटी वर असतानाच्या जुन्या सवयीनं कपाळावर ओढून बांधला, तो थेट डोळ्यांवर आला. "कापडच खराब हाय," म्हणाले.

आता ते दुपारी अगदी निःशब्द झोपतात, आणि पंचाईत तिथंच आहे. इतकी वर्षं आवाज थांबला की जाऊ घाबरायची. आता आवाजच नाही. स्वयंपाकघरातून हातातली परात टाकून धावत येते, बरगडीत बोट टोचते. "आवं, श्वास घेताय न्हवं?" अंगावर माशी बसली तरी चिडणारा हा माणूस डोळे न उघडता म्हणतो, "घेतोय, घेतोय."

परवा त्यांनी आपली खाट ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. मी विचारलं, तर म्हणाले, "हितं वारं लय चांगलं येतं, वहिनी." तिथं वारं कुठलं यायला, सगळा फोडणीचा धूर.