मागचं दार उघडं ठेवलेली जीप

नवीन मुलखात नातेवाइकांकडे गेल्यावर काय काय करायचं, याची मी एक यादी केली होती. सासूबाई हरवणे ही गोष्ट तिच्यात नव्हती.

मी नागपूरच्या एका दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होते. बत्तीस खाटांचा वॉर्ड. ड्युटीवर आलं की डोकी मोजायची, ड्युटी संपली की पुन्हा मोजायची. इतक्या वर्षांत एकही पेशंट कधी कमी भरला नाही. (एकदा एक जास्त भरला. तो भेटायला येऊन रिकाम्या खाटेवर झोपलेला कुणाचा तरी मेहुणा निघाला. पण तोवर त्याला इंजेक्शन देऊन झालं होतं!)

तर नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात आम्ही माझ्या धाकट्या दिरांकडे, प्रकाश भाऊजींकडे निघालो. ते धरणाच्या कामावर, राहायला कोयनानगरच्या कॉलनीत. मी, आमचे हे आणि सासूबाई असे तिघं. पहिल्याच दुपारी जेवताना मांडणीवरची भांडी आपोआप वाजायला लागली. मी ताट टाकून उभी राहिले. माझी जाऊ सुनंदा भात वाढता वाढता म्हणाली, "काही नाही वहिनी, भूकंप आहे. बसा. आमटी घालू?"

मला वाटलं, या मुलखातला मोठ्यातला मोठा धक्का बसून गेला. किती चुकीचं वाटतं माणसाला!

आईंना, म्हणजे सासूबाईंना, धरणाबिरणाशी काही घेणं नव्हतं. त्या आल्या होत्या सांगलीजवळच्या माधवनगरला राहणाऱ्या थोरल्या बहिणीसाठी. मावशींच्या नवऱ्याला तिथल्या गिरणीत काम लागलं आणि त्या कायमच्या तिकडच्या झाल्या. दोघींची भेट होऊन बारा वर्षं झाली होती. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्याने फक्त माणसाचा आकार दिसायचा. आईंनी नागपुरापासून एकच घोष लावला होता, "तिचे डोये हायेत तवरिक तिनं मले एकदा पाह्यलं पाह्यजे."

"पाहतील, आई. मी आहे ना!" मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून गेलंच नसतं तर बरं झालं असतं.

भाऊजींनी मित्राची जीप मागून आणली. सकाळी साडेसहाला निघालो. भाऊजी चालवायला, शेजारी हे, दाराशी मी. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला आई. कोयनानगरहून पाटणकडे जाणारा रस्ता वळणांचा, म्हणून मी निघण्यापूर्वी दोघींना उलटी न होण्याची गोळी दिली. सुनंदा म्हणाली, "मला नाही होत हो वहिनी." मी म्हटलं, "झाल्यावर सांगशील." दिली! पाटण येईपर्यंत सुनंदा तोंड उघडं टाकून गाढ झोपली आणि आई डोक्यावरून पदर ओढून गाठोडं होऊन बसल्या.

कराड ओलांडून पेठनाक्याला चहासाठी थांबलो. आई खाली उतरून हॉटेलच्या मागे गेल्या. सुनंदा उतरलीच नाही, ती उतरण्याच्या अवस्थेत नव्हती. दहा मिनिटांत मी सगळ्यांना हाकलायला सुरुवात केली. मागचं दार उघडं होतं. मी जीपमागे उभी राहून घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवल्या, "चला, चला! बसा पटापट! थांबणार नाही गाडी!"

नऊवारीतली, डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी लगबगीने आली. मी तिच्या हातातलं बोचकं आत टाकलं, दंड धरून तिला वर चढवलं, "आत सरका" म्हटलं आणि दार लावलं. पुढे जाऊन बसले आणि वळून मोजलं. भाऊजी, हे, मी, सुनंदा, आई. पाच. बरोबर!

आईंजवळ बोचकं नव्हतं. एवढा एक विचार मला यायला हरकत नव्हती. तो आला नाही.

इस्लामपूर गेलं. मग बऱ्याच वेळाने इंजिनाच्या आवाजात मागून काहीतरी ऐकू आलं. मागच्या पत्र्यावर दोनदा थापही पडली. मी मान न वळवता ओरडले, "आई, झोपा! पोचलो की मी सांगते!"

थाप बंद झाली. मी ह्यांना म्हटलं, "गोळी चढली वाटतं त्यांना. बडबडताहेत."

"अं," हे म्हणाले. ते वर्तमानपत्र वाचत होते.

अकराच्या सुमाराला माधवनगरच्या चाळीपुढे जीप उभी राहिली. मावशी सकाळपासून दारात बाज टाकून बसल्या होत्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात काठी. शेजारणींनीही कामं आवरून घेतली होती. बारा वर्षांनी बहीण येणार, ते काय बघायचं सोडतात! मी उतरून शेजारणींचा जयभीम घेत पायापाशी ठेवलेली संत्रावड्यांची पिशवी काढत होते, तेवढ्यात भाऊजींनी मागचं दार उघडलं आणि ते टपावर बांधलेलं मावशींसाठीचं सामान सोडायला वळले. मावशी काठी टाकून पुढे धावल्या. जीपमधून जी पहिली म्हातारी उतरली, तिच्या गळ्यात पडल्या.

"भागे! माझी भागे गं! लय वाट बघायला लावलीस!"

काय तो हंबरडा! शेजारणींनी पदर डोळ्याला लावले. मावशींची सून तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, तीही तिथंच उभी राहून रडायला लागली. मी रडणाऱ्यातली नाही. पण पिशवी हातात धरून मनाशी म्हटलं, घडवली की नाही भेट! ठरल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं!

तेवढ्यात मावशींच्या मिठीतून दबलेला आवाज आला, "आगं बाई, सोड की मला! जीव चालला माझा! रडतीयास कशापायी? आन् आष्टं गेलं का यायचं हाय?"

मावशी थबकल्या. त्यांनी त्या बाईच्या तोंडावरून हात फिरवला. नाक चाचपलं. मग शांतपणे म्हणाल्या, "ही भागी न्हाई."

मी पुढे होऊन बघितलं. काळीसावळी, कपाळभर गोंदण, दाताला मिशरी लावलेली, हसऱ्या तोंडाची पूर्ण अनोळखी म्हातारी! माझ्या हातातली पिशवी खाली पडली. सुनंदा जीपमधून डोळे चोळत उतरली, म्हातारीच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, बरं वाटतंय ना आता?" (गोळी चांगली होती, यात शंका नाही.)

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी हौसाबाई. लेकीकडं आष्ट्याला निघालेय. ही वडापची गाडी न्हवं?"

भाऊजींनी कपाळाला हात लावला. वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, हे मला तेव्हा कळलं. या भागात नाक्यावर जीप उभी असली, मागचं दार उघडं असलं आणि कुणी टाळ्या वाजवत "चला, बसा" म्हणत असलं की माणसं पाटी वाचत बसत नाहीत. बसतात!

"अहो, पण मध्ये बोलायचं नाही का?"

"बोलले की! आष्टं आलं तवा दोन थापा मारल्या. तुमी म्हनला, झोपा, पोचलं की सांगते. म्या पैल्यांदाच बाईमानूस वडापवर बघितलं. म्हटलं, लय कडक हाय बया. उगंच कशाला तोंडाला लागा!"

"मग आई कुठेत?" हे एकदम ओरडले. "तू मोजलं होतंस ना?"

"मोजलं होतं!"

"मग?"

"पाचच भरले!"

सत्तरीची बाई, परका मुलूख, जवळ ना पत्ता ना पाणी, आणि तिला पेठनाक्यावर टाकून आलेली मी! आम्ही पुन्हा जीपमध्ये बसलो. हौसाबाईंना आष्ट्याला सोडायचंच होतं. मावशीही काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "मी येणार. तुमच्यावर माझा भरवसा न्हाई." मी त्यांना "उन्हाचं कशाला" म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तू गप बस." सुनंदा पुन्हा झोपली.

आष्ट्याला हौसाबाईंची लेक रस्त्यातच उभी होती. तिने आमच्यावर तोंड सोडलं. "माझ्या आयेला कुठं पळवून नेलीसा? सकाळधरनं तीन येष्ट्या बघून आले! मान्सं हायसा का कोन?"

मी खाली मान घातली. माझी बाजू घेतली ती हौसाबाईंनी. "वरडू नगंस गं. त्यांची म्हातारी हरवलीया. आन् मला काय तरास झाला न्हाई. सांगली बघून आले. ही बघ, ही माधवनगरची बाई. माझ्यासाठनं किती रडली! तू रडतीस का कवा?"

यावर लेक आणखी भडकली. तरी चहा घेतल्याशिवाय तिने आम्हाला हलू दिलं नाही. मी उभ्याने चहा पीत होते, चटके बसत होते आणि डोळ्यांपुढे आई दिसत होत्या. कुठे रस्त्याच्या कडेला बसल्या असतील, रडत असतील, कुणी काही विचारलं तर त्यांची भाषा तरी कळेल का कुणाला!

पेठनाक्याला हॉटेलवाल्याने माझा चेहरा बघून आधी पाणी दिलं.

"आवं, त्या नागपूरच्या आजी व्हय? हितंच हुबारल्या हुत्या की पाच मिनटं. मग सांगलीचं वडाप आलं, बसल्या आन् गेल्या कवाच्या!"

"रडत होत्या का?"

"न्हाई बा. भजी खाल्ली त्यांनी."

पाच मिनिटं! बावीस वर्षं नांदलेल्या सुनेची पाचच मिनिटं वाट पाहिली! मी रागवायचं की हसायचं, हे ठरेना. तरी मनात भीती होतीच. बसल्या खऱ्या, पण उतरल्या कुठे? आता रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये मी वाकून वाकून म्हाताऱ्या बघत होते. दोन म्हाताऱ्यांनी मला परत हात केला.

अडीच वाजता पुन्हा माधवनगर. चाळीपुढे मावशींच्याच बाजेवर, मावशींच्याच सुनेकडून पंख्याने वारा घेत आमच्या आई बसलेल्या! आम्ही गेल्यावर पंधराव्या मिनिटाला त्या हजर झाल्या होत्या. माधवनगरची गिरणीची चाळ, एवढ्या सांगण्यावर वडापवाल्याने चाळीच्या तोंडाशी आणून सोडलं होतं, वर हाताला धरून गटारही ओलांडून दिलं होतं.

मला बघताच त्या उठल्या. "काऊन वं? मले नाक्यावर सोडून देल्लं, थे देल्लं. माह्या बहिणीले कुठी घेऊन गेल्ती?"

मावशी जीपमधून उतरत होत्या. आई धावल्या, हात पसरून. पण मावशींनी काठी आडवी धरली.

"लांबनंच बोल. आपल्या बकरीचं नाव काय व्हतं?"

"कोनती?" आई म्हणाल्या. "लंगडी का शिंगमोडी?"

"जिनं माझं लुगडं खाल्लं ती."

"लुगडं बकरीनं नाही खाल्लं, माय. म्या फाडलं होतं. तुले आज सांगतो."

मावशींच्या हातातली काठी गळून पडली. त्या कडाडल्या, "चोट्टी! साठ वर्सं झाली!" आणि मग त्या दोघींनी एकमेकींना असं कवटाळलं की शेजारणींना सकाळचं रडणं अगदीच फिकं वाटलं असणार. मावशींनी पट्टी नसलेला डोळा आईंच्या तोंडाला जवळजवळ चिकटवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश बघून घेतलं. "म्हातारी झालीस गं भागे," म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं. धूळ फार आहे तिकडे.

माझ्या हिशेबाने या भेटीला दीड तास होता. आता मुक्काम करावा लागला. संध्याकाळभर आई बहिणीला वडापवाल्याचे गुण सांगत होत्या. किती मायाळू, खिडकीशी बसवलं, रस्त्यात पाणी दिलं, दोनदा विचारलं, आजी, बरं वाटतंय ना! माझ्याकडे बघत सांगत होत्या.

सकाळी निघताना त्या जीपमध्ये चढायला तयार होईनात. ह्यांनी हात जोडले, भाऊजींनी समजूत काढली. शेवटी एका अटीवर तयार झाल्या. अट अशी, की जीपमध्ये त्या बसतील आणि वडापनं मी येईन.

मला वाटलं, हे काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "सुटे आहेत ना तुझ्याजवळ?"

जीप दुपारी कोयनानगरला पोचली. एक माणूस कमी नाही, एक जास्त नाही. मी तीन गाड्या बदलत, कुणाच्या कोंबड्या आणि कुणाची पोरं मांडीवर घेत, धुळीने पांढरी होऊन संध्याकाळी सात वाजता दार वाजवलं. भाऊजींनी दार उघडलं, मला खालून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि आत वळून विचारलं, "आई, या आपल्याच का?"

आईंनी आधी माझ्या हातात बोचकं आहे का ते वाकून बघितलं.