एकाच रिंगचा फोन

व्हिसी माझ्या समोरच्या दाराची. माद्रिदजवळच्या आल्कालातल्या आमच्या जिन्यावर तिच्या तोंडाला कोणी लागत नसे, पण लेकीचं नाव निघालं की बाई लोण्यासारखी विरघळायची. लेक नोएलिया माद्रिदला केस कापायच्या दुकानात कामाला. तिथल्या आतोचा स्टेशनात गाडीतून उतरली की घरी एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. आईने उचलायचा नाही. पोचले, एवढाच त्याचा अर्थ.

२००४च्या मार्चातल्या त्या गुरुवारी सकाळी माद्रिदला जाणाऱ्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. टीव्ही बघून मी धावत गेले, तर बाई चणे शिजत टाकून निवांत!

"अगं, माझी पोचली. आत्ताच रिंग आली. उगाच गळा काढू नकोस, बेनिता."

दुपारपर्यंत ती जिन्यातल्या बाकीच्यांनाच धीर देत फिरली. नोएलिया पोचलीच नव्हती.

ती रिंग फेर्मिनची होती, तिच्या नवऱ्याची. मासळीबाजारात कामावर असताना बातमी कळल्यावर त्याने घरी फोन लावला. सगळ्या लाइनी तुंबलेल्या, एकदा वाजून तुटला. मला सांगितलं त्याने, पण तिला सांगायची छाती झाली नाही.

रविवारी मतदान होतं. सरकार म्हणे, वेगळा देश मागणाऱ्या बास्कवाल्यांनी केलं. लोक म्हणत, केलं दुसऱ्याच कोणी, मतांसाठी खोटं बोलताय. चौकाचौकात एकच ओरडा, "कोणी केलं?" सरकार पडलं, दुसरं आलं, चौकशी समिती बसली, तरी भांडण मिटेना मेलं. व्हिसीचं भलतंच.

"रिंग आली म्हणजे उतरली होती ना गं? मग परत गाडीत कशाला चढली?"

रोज सकाळी ती फोनजवळ खुर्ची ओढून बसायची. मला बघवायचं नाही. त्या एका रिंगसाठी तिने जीव दिला असता.

वर्षाने एका पक्षाचा माणूस आला, कोट घालून. व्हिसीने सभेत बोलावं म्हणून मागे लागला. "बाई, सत्य बाहेर यायलाच हवं!"

फेर्मिन खिडकीपाशी बसला होता, तो उठला.

"व्हिसी, ती रिंग माझी होती. पोरीची नव्हती."

कोटवाला काहीतरी पुटपुटत निघून गेला.

"मग दोनदा तरी वाजवायचास, मेल्या," व्हिसी नवऱ्याला म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आता तिच्याकडे फोन वाजला, की ती पहिल्याच रिंगला उचलते.