केर

प्रवासाला गेलेला माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा अंबुजाबाईंचा आयुष्यभराचा नेम. पाठोपाठ केर काढला तर जाणाऱ्याची वाट पुसली जाते, असं तंजावरला सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं. नवरा राघोत्तमराव मद्रासला रेल्वेच्या कचेरीत, त्यामुळे कुठली गाडी कधी पोचते हे घरातच कळायचं. परत निघालेल्या पाहुण्यांची गाडी कुंभकोणमला पोचली, की वेस्ट मांबलमच्या त्यांच्या दोन खोल्यांतून केरसुणी फिरायची.

पण एकसष्ट साली एकुलता एक गुरुमूर्ती शिकायला लंडनला निघाला, तो विमानानं. मीनंबाक्कमच्या विमानतळावर त्याला निरोप देऊन परतल्यावर बाईंनी आधी हेच विचारलं, "किती लांब हो ते?"

"मुंबईपासून साडेचार हजार मैल."

"आणि वेळ किती लागतो?"

रावांनी वेळापत्रक चष्म्याजवळ धरलं. "मुंबई रात्री एक, लंडन सकाळी साडेआठ. म्हणजे साडेसात तास."

"अय्यो! आपल्या तंजावरच्या गाडीला याहून जास्त लागतात."

"तिला स्टेशनास्टेशनावर कॉफी प्यायची असते ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, रजेवर घरी असलेले राव म्हणाले, "उतरला बघ तुझा मुलगा." बाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि पदर खोचून घर झाडलं. केरात ट्रंक बांधताना उरलेले सुतळीचे तुकडे होते, त्याच्यासाठी डब्यात भरलेल्या डाळीच्या पोडीचे, त्या कोरड्या चटणीचे, कण होते. सगळं सुपलीत घेऊन त्यांनी मागच्या अंगणात नेऊन टाकलं.

तेवढ्यात वरचा बिऱ्हाडकरू रत्नाकर खाली उतरला, बँकेत जायला. हा मुंबईहून बदलून आलेला.

"काय मावशी, गुरूचं विमान कुठवर आलं?"

"पोचलं की, साडेआठलाच!"

रत्नाकर हसला. "अहो, ते साडेआठ तिकडचे. त्यांचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. इथे दुपारचे दोन वाजतील तेव्हा तो उतरेल. अजून हवेत आहे तो."

राव गोरेमोरे झाले. "रेल्वेत सगळीकडे एकच घड्याळ असतं," ते पुटपुटले.

बाई अंगणात गेल्या. टाकलेला केर सुपलीत भरून घेऊन आल्या आणि मुठी मुठीनं पुन्हा घरभर पसरू लागल्या.

"अगं, केर कुणी घरात आणतं का?"

"तो वाटेत आहे अजून. आणि मी वाट पुसून बसले."

दोन वाजले. "आता झाड," राव म्हणाले.

"तुमच्या हिशेबावर? तार येऊ द्या."

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. सुतळीचा एखादा तुकडा पायाला लागला, की बाई थबकायच्या.

तार दुसऱ्या दिवशी आली. रावांनी ती उभ्या उभ्या वाचली. "सुखरूप पोचला! घे आता केरसुणी."

बाईंनी केरसुणी घेतली. पोडीचा वास अजून कोपऱ्यात होता. त्यांनी केरसुणी दारामागे ठेवून दिली.

"उद्या झाडते."

"अगं, पोचला ना तो?"

"पोचला," बाई म्हणाल्या. "वाटेत होता तोवर आपल्या घरून निघालेला होता. आता तिथला झाला."

पसरलेला केर चुकवत, जपून पावलं टाकत, राव कॉफी गाळायला आत गेले.