डोळे मिटून चालणारा शेजारी

"काकू, पाण्यात काही हलतंय का?"

मला दम्याचा झटका आला होता. शारजातल्या आमच्या गल्लीत पावसाचं पाणी कमरेएवढं साचलं होतं आणि ॲम्ब्युलन्स पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर थांबली होती. मला पाठुंगळी घेऊन शेजारी निघाला होता, पण डोळे घट्ट मिटून.

"तुझेच पाय हलतायत, मेल्या. डावीकडे हो, पुढे गाडी आहे."

हा समोरच्या खोलीत एकटा राहतो. कामावरून आला की आमच्याकडे नातीबरोबर जपानी कार्टून बघत बसतो. त्यात समुद्रातून अक्राळविक्राळ मासे येतात आणि माणसं गिळतात. एवढ्या बाप्याला कार्टून कशाला लागतं, म्हणून मी दार सताड उघडं ठेवून तिथेच बसते. मासा आला की हा पाय खुर्चीवर घेतो. नात म्हणते, "अंकल, इट्स ओन्ली ॲनिमेशन." हा म्हणतो, "इन्शाल्ला." एकदा त्याची वाटी परत द्यायला गेले, तर बाथरूममध्ये सांडपाण्याच्या जाळीवर भरलेली बादली ठेवलेली दिसली. मला त्याचं लक्षण ठीक वाटलं नाही.

त्या दिवशी मुलगा दुबईत अडकला होता आणि मजल्यावर पुरुष माणूस हा एकटाच होता. शेवटच्या पायरीवर तो थांबला, मग डोळे मिटून पाण्यात उतरला. रस्ता येईपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. वाट मी सांगत होते.

तो अजून येतो आणि दार मी अजून उघडंच ठेवते. त्या पाण्यातून मी जिवंत बाहेर आले, आणि तोही.