ताईंच्या नावाचा हॉल

महानंदाताई गेल्याचं त्यांच्या लेकीनं नांदेडहून फोन करून सांगितलं. "रेहानामावशी, आई गेली… दुपारचा चहा घेतला अन् बसल्या जागी पडली," एवढंच बोलली बिचारी. मी शिलाई मशीनवरून उठलेही नव्हते, तोवर मोबाईलवर आमच्या सल्लागार मंडळाच्या अध्यक्षांचा संदेश आला. समई, फुलं, जोडलेले हात आणि खाली 'माझी मोठी बहीण हरपली.' ते वाचून माझं रडूच आटलं. ज्या माणसानं ताईंना उतारवयात दारोदार फिरवलं, त्यानं त्यांना बहीण म्हणावं? त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही, त्याच्या क्लासची फुकट जाहिरात कशाला करायची. पण लातुरात ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि ते कळावं म्हणूनच मी लिहायला बसले आहे. ताई सगळ्यांना माफ करत. माझ्यात तो गुण नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

ताई किराणा दुकानदाराच्या घरच्या, मी शिलाईवाली. आमची गाठ पडली ती भूकंपानंतर, पत्र्याच्या शेडांत. मदतीत आलेले ढगळ कपडे मी तिथं बायकांच्या मापाचे करून देई, ताई दुकानातली डाळ, मीठ, काडेपेट्या घेऊन येत. एकसारख्या शेडांच्या रांगाच रांगा आणि ओळख काय, तर दारावर रंगवलेला आकडा. एक बाई पाणी घेऊन आली आणि तिला स्वतःचं दार सापडेना. डोक्यावर घागर तशीच, आणि ती रडत रडत एकेक दार ढकलून बघत होती. घर गेलं होतं, घरातली माणसं गेली होती, आता मिळालेलं पत्र्याचं दारही हरवलं होतं. ती कांताबाई. ताईंनी तिला दारापाशी नेलं, कोळशानं जमिनीवर तो आकडा काढला आणि म्हणाल्या, "एवढं ध्यानात ठेव. बाकीचं उद्या." त्या उद्यातूनच ताईंचा वर्ग उभा राहिला.

पुढे कांताबाईसारखी बरीच कुटुंबं पोटासाठी लातूरला आली. त्यांच्या वस्तीत मदतीच्या पैशातून एक हॉल बांधला गेला, प्रौढ शिक्षणासाठी, बायकांनी संध्याकाळी बसून शिकावं म्हणून. त्याची देखरेख विभागीय सल्लागार मंडळाकडे, आणि मंडळावर आम्ही दोघी बिनपगारी सभासद. बैठक कधी लातूरला, कधी नांदेडला. तिथली एक रीत होती, सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, प्लेटा आल्या की अध्यक्ष ठराव वाचायला घेत. माणसांच्या तोंडात घास, मग नाही कोण म्हणणार? तोवर शहरात क्लासचं पीक आलं होतं. हदगावपासून उदगीरपर्यंतची पोरं इथं येऊन राहत होती, आणि अध्यक्षांच्या स्वतःच्या क्लासला जागा पुरत नव्हती.

अशाच एका बैठकीला वाढपी पोचला नाही. ताई सवयीनं उठल्या. घरात पाहुणे आणि आपण बसून कसं राहायचं, हे त्यांच्या रक्तातच होतं. त्या वाढत असताना ठराव वाचला गेला… हॉल 'तात्पुरता' क्लासला द्यावा. सर्वानुमते मंजूर. ताई हातात पळी घेऊन उभ्याच राहिल्या. मी भांडले, टेबलावर हात आपटला. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "रेहानाबाई, ठराव झालाय. ताईंनी तरी कुठं विरोध केला?" त्या दिवसापासून ताईंनी कुठल्याच बैठकीत कुणाला पाण्याचा पेलासुद्धा दिला नाही.

वर्ग मात्र त्यांनी मोडू दिला नाही. कधी दुकानाच्या गोदामात तुरीच्या पोत्यांना टेकून, कधी माझ्या ओसरीवर, कधी कुणाच्या गच्चीवर. दरवेळी नवी जागा, बायका गळत, ताई घरोघर जाऊन परत आणत. दर बैठकीत त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, हॉल कधी देता?" आणि त्याचं, "बघू की ताई, पुढच्या बैठकीत." बघता बघता वर्षं गेली. गुडघे गेले, तरी जिना चढत. मी चिडले की म्हणायच्या, "रागानं रक्त आटतंय गं. इचारत राहायचं." विचारता विचारताच गेल्या.

शोकसभा त्याच हॉलमध्ये, त्यानंच ठेवलेली. मी त्याची सगळी लाज काढायची म्हणून तयारीनं गेले होते. फोटोला हार, याच्या डोळ्याला रुमाल. बोलता बोलता गहिवरून त्यानं जाहीर केलं की या हॉलला ताईंचं नाव देणार. शोकसभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले. तो जरा दचकला. माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं आणि एवढंच विचारलं, "बोर्ड कधी लावता, सर?" म्हणाला, "याच आठवड्यात." मी म्हणाले, "मोठ्या अक्षरात लावा."

त्यानं लावला, चांगला दिव्याचा. ॲडमिशनचे दिवस होते, अंगणात गावोगावचे पालक उभे होते. आम्ही वर्गातल्या सगळ्या बायका संध्याकाळी तिथं पोचलो. वॉचमननं अडवलं. कांताबाई आता त्याच क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिनं मान वर करून पालकांना ऐकू जाईल असा बोर्ड वाचला, 'कैलासवासी महानंदाताई सभागृह.' मग वॉचमनला म्हणाली, "आमच्या बाईचा हाय ह्यो. सरक." अध्यक्ष धावत आले. पालक बघत होते, एकानं तर कौतुकानं विचारलंसुद्धा, "प्रौढांचा वर्गही चालवता का, सर?" त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "रेहानाबाई, आता बॅच हाय हो." मी म्हणाले, "मग सांगा की या सगळ्यांना, ताईंच्या बायकांना बाहेर काढतो म्हणून." त्यानं वॉचमनला बाजूला व्हायची खूण केली. आम्ही आत जाऊन बाकांवर बसलो. कांताबाईनं खडू घेतला, पण फळा त्याच्या गणितानं गच्च भरलेला होता. ती वळून मला म्हणाली, "पुसू का?"

दारात तो उभा होता. त्याच्याकडे बघत मी म्हणाले, "पूस."