तकलाकोटला न मिळालेला दिवस

मानसरोवराला जायचं ठरवलं ते बाबांनी. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या नद्या त्या एकाच टापूतून निघून कशा चार दिशांना जातात, हे ते फळ्याकडे न बघता काढून दाखवायचे. आई गेल्यावर ते माझ्याकडे लखनौला राहायला आले. मी इथे बँकेत आहे. एका रविवारी चहा पिता पिता म्हणाले, "आता जाऊन बघून येऊ." त्यांचं वय एकाहत्तर.

ही पोस्ट मी रागात लिहितेय आणि तो राग लपवणार नाही.

लखनौकरांना ही वाट सोयीची. चारबागहून सकाळी आमच्या यात्रा-गटाची बस निघाली, बहराइचमार्गे दुपारी रुपईडीहाची सीमा आणि पलीकडे नेपाळगंज. तिथून छोट्या विमानाने सिमिकोट, मग हेलिकॉप्टरने हिल्सा, आणि नदीवरचा पूल ओलांडला की तिबेट. सगळं मिळून माणशी अडीच लाखांच्या आसपास. सिमिकोटला ढगांमुळे आम्ही दोन दिवस अडकलो. डाळभात, बटाट्याची भाजी आणि खिडकीतून आभाळ बघणं. त्यात कुणाचाच दोष नव्हता.

दोष पुढे सुरू होतो. तिबेटमधलं पहिलं गाव तकलाकोट. तिथे दोन मुक्काम करून शरीराला विरळ हवेची सवय करायची, असं कार्यक्रमात छापलेलं होतं. पण गेलेले दिवस भरून काढायला आमच्या आयोजकाने एक मुक्काम कापला. उद्या सकाळीच सरोवर, असं त्याने जेवताना जाहीर केलं. मी विचारलं, वयस्कर माणसांचं काय? तो हसून म्हणाला, "मैडम, महादेव ने बुलाया है, वही सँभालेंगे." सगळ्यांनी हात जोडले. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग वेगळा आहे, तो माझा माझ्यावर.

सकाळी रस्ता चढत गेला. उजवीकडे गुर्ला मांधाता शिखराचं बर्फ, आणि खिंड ओलांडल्यावर डावीकडे राक्षसताल. गर्द निळा, काठावर एक माणूस नाही. पाणी खारट, इथे कुणी पूजा करत नाही, असं गाइडने सांगितलं. म्हणूनच तो काठ इतका स्वच्छ होता.

मग मानसरोवर दिसलं. जवळ फिकट हिरवं, मध्ये निळं, पलीकडे जवळजवळ जांभळं, आणि उत्तरेला कैलास. एक तिबेटी जोडपं सरोवराची परिक्रमा करत होतं. पाण्याजवळ आले की वाकून कपाळ टेकवायचे, उठायचे, पुढे चालायचे. त्यांच्यामागे काही उरत नव्हतं. आमच्या लोकांनी पंधरा मिनिटांत उदबत्तीची पाकिटं, तुपाच्या पिशव्या आणि फुटलेली बादली काठावर टाकली. सरोवरात उतरून आंघोळीला बंदी आहे, पाणी बादलीने काढून घ्यायचं. मी पाकिटं गोळा करत बडबडत होते, तेव्हा लक्षात आलं की बाबा बसमधून उतरलेच नाहीत.

ते सीटवर बसून एकच बूट घालत होते, काढत होते. मला बघून त्यांनी आईच्या नावाने हाक मारली. ओठ निळे पडले होते.

आयोजक म्हणाला, थकवा आहे, अभिषेक झाला की सगळे मिळून निघू. सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर पासांग, पन्नाशीचा तिबेटी माणूस, बसमध्ये चढला. त्याने बाबांची नखं पाहिली आणि तुटक्या हिंदीत म्हणाला, "नीचे. अभी." आयोजकाने सांगितलं की ती गाडी सामानासाठी आहे.

"मेरे पिताजी को कुछ हो गया," मी म्हणाले, "तो यह अभिषेक किसके नाम का होगा?"

त्याच्या उत्तराची वाट न पाहता पासांगने बॅगा एकेक करून दगडांवर उतरवल्या आणि मागची सीट मोकळी केली. तकलाकोटला पोचायला दोन तास लागले. मी बाबांच्या तोंडाशी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर धरून बसले होते. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी फोनवर भाषांतर करून दाखवलं: आणखी उशीर झाला असता तर वाचले नसते.

दुसऱ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले. डोकं तकलाकोटच्या पहिल्या रात्रीपासूनच ठणकत होतं, म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू पुढे नेलं नसतंस."

लखनौला परतल्यावर ग्रुपवर फोटो आले, खाली आयोजकाचा मजकूर: सब महादेव की कृपा. मी घडलेलं सगळं तिथे लिहिलं. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. ग्राहक मंचात तक्रार दिली आहे. तुम्ही जाणार असाल तर तकलाकोटचे दोन मुक्काम लेखी घ्या, ऑक्सिमीटर स्वतःचा न्या, आणि कुणी आजारी पडलं तर कोणती गाडी खाली आणणार, हे पैसे भरण्याआधी विचारा.

बाबा आता ठणठणीत आहेत. परवा विचारत होते, काठ कसा होता, खडे कसल्या रंगाचे, पाण्याची चव कशी, पक्षी होते का. मी आठवायला लागले. उदबत्तीची पाकिटं आठवली, त्यांवरची छपाईसुद्धा. खड्यांचा रंग आठवेना. पाणी मी चाखलंच नव्हतं. पाकिटांचं तेवढं सांगितलं.

"एवढंच बघितलंस?" बाबा म्हणाले.