लॉनवर टाकलेला युरिया

नव्वद सालच्या आसपास बाळकुम गावातल्या आमच्या नव्या सोसायटीत लॉन करायचं ठरलं. मी सेक्रेटरी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी हरळीचं बी मागवलं. आमचे माळीकाका गावातलेच, साठीचे. पाकीट हातात घेऊन ते म्हणाले, जन्मभर ही हरळी शेतातून उपटून टाकली, आता पेरायची.

पेरली मात्र जीव लावून. फेब्रुवारी संपताना त्यांनी बिल्डरचं डेब्रिज उचललं, माती चाळली, तबेल्यातून आणलेलं जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली. बी अगदी बारीक, म्हणून वाळूत कालवून फेकलं आणि वरून फळीने हलकेच दाबलं. मग दिवसातून तीनदा झारीने पाणी. यावर मुलं लोळणार, तेव्हा रासायनिक काही घालायचं नाही, असं त्यांनी मला बजावलेलं. मी कबूलही केलेलं.

पंधरवड्यात कोंब आले. एप्रिलमध्ये मधेमधे फिकट चट्टे दिसायला लागले. काका म्हणाले, मुळं धरतायत, थोडं थांबा. मला एक मेच्या झेंडावंदनाला हिरवंगार लॉन दाखवायचं होतं. एका दुपारी ते जेवायला घरी गेलेले असताना मी मुठी भरभरून युरिया फेकला. वर पाणीही धड मारलं नाही.

चार दिवसांत निम्मं लॉन करपलं.

कमिटीतला एकजण म्हणाला, माळ्याने ताजं शेण टाकलं असणार, त्यानेच जळलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. उद्यापासून येऊ नका, हे काकांना सांगायलाही मीच गेलो. ते एवढंच म्हणाले, "शेण कुजलेलं व्हतं."

जुलैपर्यंत हरळी आपली आपण पसरली. लोक माझं कौतुक करायला लागले. ते ऐकवेना, तेव्हा मी काकांच्या घरी गेलो आणि ओटीवर बसून सगळं सांगितलं. त्यांना ठाऊकच होतं. नळापाशी सांडलेले पांढरे दाणे त्यांनी त्याच संध्याकाळी पाहिलेले.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही बोलाल असं वाटलं." मग म्हणाले, "मना सांगून काय उपेग? मिटिंगीत सांगा. याला शेण कळत नाय म्हणून गावात मना हसतात."

मी हो म्हटलं.

त्या रविवारी मिटिंगच्या वेळी ते धुतलेला शर्ट घालून जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. आत पाण्याच्या टाकीवर चर्चा झाली, पार्किंगवर झाली. आणखी काही विषय आहे का, असं अध्यक्षांनी दोनदा विचारलं. दार उघडंच होतं. मी वहीत बघत बसलो.

बाहेर आलो तर काका उठून उभे राहिले. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेले.